डिस्ट्रो निवडताना आपण नेमकं काय निवडतो

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारी कितीतरी यंत्रं एका तारखेपासून अधिकृतरीत्या मागे पडली. अशा यंत्रांचे मालक आता विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची चौकशी करतात आणि पहिल्याच पायरीवर अडतात. लिनक्सच्या वापरायला तयार संचांची, म्हणजे डिस्ट्रोंची, उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, ओपनसुसे, झोरिन अशी शेकडो नावं समोर येतात आणि प्रत्येक नावाची बाजू घेऊन हिरिरीने बोलणारी माणसं भेटतात.

मला या लेखात मुख्यतः एक गोष्ट पटवून द्यायची आहे. डिस्ट्रो निवडताना पुढची काही वर्षं तुमच्या संगणकाची देखभाल कोण करणार, किती वेगाने करणार आणि किती काळ करणार, हे आधी पाहा. वॉलपेपर, आयकॉन, मेनूची जागा, ब्राउझर हे सगळं नंतर बसल्या जागी बदलता येतं. देखभाल करणारे बदलायचे असतील, तर मात्र बहुधा सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

एका डिस्ट्रोत काय काय असतं

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स म्हणजे फक्त कर्नल. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय कार्ड यांना कामाला लावणारा हा सगळ्यात आतला भाग. नुसत्या कर्नलवर साधं पत्रसुद्धा टाइप करता येत नाही. फाइली हाताळणाऱ्या मूलभूत आज्ञा लागतात. त्यातल्या बऱ्याचशा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आल्या आहेत. शिवाय पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा, आवाज सांभाळणारी यंत्रणा, खिडक्या आणि मेनू, फाँट, ब्राउझर. हे सगळे भाग वेगवेगळी माणसं आपापल्या गतीने लिहीत असतात आणि त्यांच्यात एक ठरलेलं वेळापत्रक नसतं.

डिस्ट्रो बनवणारे यातलं फार थोडं स्वतः लिहितात. त्यांचं काम एखाद्या संग्रहाच्या संपादकासारखं असतं. कोणत्या भागाची कोणती आवृत्ती घ्यायची हे ते ठरवतात, ती बाकीच्या भागांशी जुळते का हे तपासतात, चालू स्थितीत बांधून पॅकेज करतात आणि आपल्या भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत ठेवतात. तुम्ही एखादा प्रोग्रॅम मागितलात की तो तिथून येतो. पुढे त्यात सुरक्षेचं भोक सापडलं, तर दुरुस्ती तयार करून ती तुमच्यापर्यंत पोचवणं हेही त्यांचंच काम. इन्स्टॉल करताना हा भाग कुठेच दिसत नाही, आणि पाच वर्षं तुम्ही प्रत्यक्षात वापरता तो हाच असतो.

शेकडो नावं दिसत असली, तरी घराणी मोजकी आहेत. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, त्याच्यामागे मालक कंपनी नाही. डेबियनच्या पायावर मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती काढली. उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट उभा राहिला. झोरिन आणि पॉप ओएसही त्याच फांदीवरचे. दुसरं घराणं रेड हॅटचं. त्या कंपनीच्या पाठबळावर २००३ पासून फेडोरा चालतो. तिसरं सुसेचं, ज्यातून ओपनसुसे येतो. आर्च २००२ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला, आणि मांजारो किंवा व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकवरचा स्टीमओएस त्याच्यावर आधारलेले आहेत.

घराणं कळलं की दोन गोष्टी उलगडतात. मिंटमधली बहुतेक पॅकेजेस थेट उबुंटूच्या भांडारातून येतात, म्हणजे त्यांच्या सुरक्षेचं ओझं उबुंटूच्या मोठ्या चमूवर असतं. मिंटची छोटी मंडळी आपला सगळा वेळ डेस्कटॉप, अपडेट मॅनेजर आणि वापरातल्या सोयींवर घालवू शकतात. आणि अडचण आली, तर उबुंटूसाठी लिहिलेला उपाय मिंटवर बहुतेक वेळा जसाच्या तसा चालतो. पहिल्या सहा महिन्यांत या दुसऱ्या गोष्टीची किंमत फार मोठी वाटते, कारण तेव्हा प्रत्येक लहानसा प्रश्न शोधावा लागतो.

अपडेटचा वेग

माझ्या मते निवडीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

काही डिस्ट्रो ठरावीक काळाने आवृत्ती काढतात आणि मग तिला फारसा हात लावत नाहीत. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते. उबुंटू दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये दीर्घ आधाराची, म्हणजे एलटीएस आवृत्ती काढतो. आवृत्ती बाहेर पडली की तिच्यातल्या प्रोग्रॅमचे क्रमांक जवळपास गोठतात. दोन वर्षांनीही लिबरऑफिसचं मुख्य रूप तेच राहतं, मेनू जागा बदलत नाहीत, सवयीचं बटण सवयीच्या जागी सापडतं.

यावर नवख्यांना हमखास पडणारी शंका अशी, की जुना क्रमांक म्हणजे जुनी भोकं नाहीत का? तसं होत नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोष सापडला की डिस्ट्रोची मंडळी नव्या आवृत्तीतून नेमकी ती दुरुस्ती उचलतात आणि जुन्या आवृत्तीत बसवतात. क्रमांक जुना दिसतो, भोक बुजलेलं असतं. हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे, आणि ते किती वर्षं करत राहणार याचं वचन म्हणजेच त्या आवृत्तीच्या आधाराचा काळ. उबुंटू एलटीएससाठी तो पाच वर्षांचा आहे. डेबियन तीन वर्षं पूर्ण आधार देतो आणि पुढची दोन वर्षं दुसरा एक गट तेच काम सांभाळतो. ब्राउझर याला अपवाद असतो. त्याच्या बाबतीत सगळेच डिस्ट्रो थेट नवी आवृत्ती देत राहतात, कारण ब्राउझरचे दोष मागे नेऊन बसवणं व्यवहार्य नसतं.

उबुंटूबद्दल एक बारीक तपशील माहीत असावा. पाच वर्षांचं ते वचन मुख्य भांडारासाठी आहे. स्वयंसेवकांच्या समुदायाने सांभाळलेल्या हजारो इतर पॅकेजेसना कॅनॉनिकलकडून सुरक्षा दुरुस्त्या हव्या असतील, तर उबुंटू प्रो ही सेवा जोडावी लागते. घरगुती वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे आणि त्यात आधाराचा काळ दहा वर्षांपर्यंत जातो. उबुंटू घेतलात, तर नोंदणी करून ती चालू करा असंच मी सांगेन.

याच्या अगदी उलट टोकाला रोलिंग डिस्ट्रो आहेत. आर्च आणि ओपनसुसे टम्बलवीड ही त्यातली ठळक नावं. इथे डिस्ट्रोची आवृत्ती हा प्रकारच नाही. एखाद्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली, थोडी तपासली गेली, की काही दिवसांत तुमच्याकडे पोचते. एकदा इन्स्टॉल केलेली प्रणाली कधीच शिळी होत नाही. मात्र बदल सतत येत राहतात आणि त्यांची वेळ तुम्ही ठरवत नाही. कधी एखाद्या अपडेटआधी हाताने काही करावं लागतं. आर्चवर अशा सूचना त्यांच्या मुखपृष्ठावर येतात आणि त्या वाचल्या जातील असं गृहीत धरलेलं असतं. ज्याला संगणक उघडून लगेच कामाला बसायचं आहे, त्याच्या अंगावर हे विनाकारण येतं.

फेडोरा या दोघांच्या मध्ये बसतो. नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने आधार मिळतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावंच लागतं. ते बऱ्यापैकी सुरळीत होतं, पण करावं लागतं. उबुंटूच्याही दोन एलटीएसच्या मध्ये सहा सहा महिन्यांनी आवृत्त्या येतात आणि त्यांना जेमतेम नऊ महिने आधार असतो. रोजच्या वापरासाठी त्या घेण्याचं मला सहसा कारण दिसत नाही.

वेगाचा फरक किती खरा आहे हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. एक्सझेड नावाचं फाइल आकुंचित करणारं एक साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी दीर्घ काळ विश्वास कमावून मुद्दाम मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरण्याची वाट, पेरला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या चाचण्यांत दूरस्थ लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने मूळ शोधलं आणि २९ मार्चला ते जाहीर केलं. तोवर त्या आवृत्त्या टम्बलवीडमध्ये, डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या पुढच्या आवृत्तीच्या तयारीत पोचल्या होत्या. डेबियनची तेव्हाची स्थिर आवृत्ती आणि उबुंटूच्या एलटीएस आवृत्त्या त्यापासून मुक्त राहिल्या, कारण त्यांच्यात जुना एक्सझेड होता. एका घटनेवरून रोलिंग डिस्ट्रो असुरक्षित ठरत नाहीत. त्यांनी दुरुस्तीही तितक्याच झपाट्याने पाठवली. पण नवं सॉफ्टवेअर सगळ्यांत आधी घेणारा त्याची पहिली चाचणीही करत असतो, हे निवडताना लक्षात असावं.

यंत्र काय म्हणतंय

लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम, बहुतांशी कर्नलच्या आतच असतात. म्हणून नुकताच बाजारात आलेला लॅपटॉप घेतला असेल, तर त्याचं वायफाय, ग्राफिक्स किंवा टचपॅड ओळखण्याइतका नवा कर्नल डिस्ट्रोत आहे का, हा पहिला प्रश्न. दोन वर्षांपूर्वीच्या डेबियनला कालचा लॅपटॉप माहीत नसणं स्वाभाविक आहे. तिथे फेडोरा सरळ उपयोगी पडतो. उबुंटूची एलटीएस आवृत्तीही अधूनमधून नवा कर्नल देते, त्यामुळे तिची ताजी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करण्यासाठी उतरवून घ्यायची फाइल घेतली तर बरंच भागतं. यंत्र दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं असेल, तर हा प्रश्न जवळपास मिटलेला असतो.

इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्ससाठी वेगळं काही करावं लागत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर घ्यावा लागतो, आणि तो किती सहज बसतो हा डिस्ट्रोंमधला खरा फरक आहे. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून यादीतला सुचवलेला पर्याय निवडला की झालं. उबुंटूमध्येही तशीच सोय आहे. पॉप ओएस तर एनव्हिडियासाठी वेगळी आयएसओच देतो. फेडोरात थोडं जास्त करावं लागतं, बाहेरचं भांडार चालू करून. सेक्युअर बूट, म्हणजे फक्त सही तपासलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो पुन्हा विचारला जातो. हा पडदा पाहून लोक घाबरून पुढे जातात आणि ड्रायव्हर चालत नाही. तिथे ‘की’, म्हणजे किल्ली, नोंदवण्याचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

वायफायच्या चिपना लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, हा डेबियनचा जुना त्रास होता, कारण मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत आयएसओत ठेवलं जात नसे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येतं. इंटरनेटवर अजूनही डेबियन नवख्यांना जमणार नाही असं लिहिलेलं सापडतं, त्यातलं पुष्कळसं या तारखेआधीचं आहे.

जुन्या यंत्रांबाबत एक गैरसमज मला दूर करायचा आहे. हलका डिस्ट्रो घेतला की सगळं वेगवान होईल अशी आशा असते. डेस्कटॉप हलका असल्याने काही शे मेगाबाइट मेमरी नक्की वाचते. पण दिवसभर मेमरी खातो तो ब्राउझर, आणि त्याचे दहा टॅब प्रत्येक डिस्ट्रोवर तेवढेच जड असतात. चार जीबी मेमरी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्यावा आणि टॅब आटोक्यात ठेवावेत. आठ जीबी असेल तर कोणताही डेस्कटॉप चालेल. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर जो फरक पडतो तो कोणत्याही डिस्ट्रोने पडणार नाही. आणि प्रोसेसर ३२ बिटचा असेल, तर पर्याय फार उरलेले नाहीत. उबुंटूने तो आधार कधीच सोडला आणि ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ नेही ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

डेस्कटॉप ही वेगळी निवड आहे

खिडक्या, पॅनेल, मेनू, सेटिंग्ज मिळून जे दिसतं त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. बरेच डेस्कटॉप बऱ्याच डिस्ट्रोंवर मिळतात. उबुंटूचे स्क्रीनशॉट आवडले नाहीत म्हणून उबुंटू नाकारू नये, त्याचाच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा अवतार कुबुंटू या नावाने आहे.

सिनॅमन हा मिंटच्या मंडळींचा डेस्कटॉप. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजमधून येणाऱ्याला शिकावं असं फार थोडं उरतं, आणि माझ्या लेखी हा त्याचा मोठा गुण आहे. केडीई प्लाझ्माचीही मांडणी तशीच, पण त्यात जवळपास प्रत्येक गोष्ट बदलता येते. ज्यांना सेटिंग्जमध्ये रमायला आवडतं त्यांना तो सुखाचा, बाकीच्यांना पर्यायांची गर्दी वाटू शकते. ग्नोमने २०११ पासून वेगळी वाट धरली: खाली पट्टी नाही, खिडक्या लहान करण्याचं बटण मुळात दिसत नाही, सगळा भर कीबोर्डवर आणि टचपॅडच्या हालचालींवर. आठवडाभर सवय केली तर लॅपटॉपवर तो फार सुटसुटीत वाटतो. त्याआधीच मत बनवू नये. एक्सएफसीई साधा, शांत आणि वर्षानुवर्षं न बदलणारा.

पडद्यामागे आणखी एक बदल चालू आहे. पडद्यावर चित्र काढणाऱ्या, १९८० च्या दशकातल्या एक्स यंत्रणेची जागा वेलँड ही नवी यंत्रणा घेत आहे. ग्नोम आणि प्लाझ्मा त्यावर स्थिरावले आहेत. सिनॅमनमध्ये तो मिंट २१.३ पासून प्रायोगिक पर्याय म्हणून आला. तुमच्याकडे पिक्सेलची घनता वेगवेगळी असलेले दोन मॉनिटर असतील, किंवा अक्षरं १२५ टक्के मोठी करून वापरायची असतील, तर वेलँडवरचा प्लाझ्मा किंवा ग्नोम हे काम जास्त नीट करतात. एकच साधा मॉनिटर असेल तर काही फरक जाणवणार नाही.

लॅटिनखेरीज दुसऱ्या लिपीत रोज टाइप करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी तपासावी. आयबस आणि एफसीआयटीएक्स या दोन यंत्रणा ते काम करतात. ग्नोममध्ये आयबस आतच जोडलेलं असतं, प्लाझ्मावर एफसीआयटीएक्स अधिक जुळतं. ब्राउझर, लिबरऑफिस आणि फाइलचं नाव बदलण्याची चौकट अशा तीन ठिकाणी एक एक वाक्य टाइप करून पाहा. जोडाक्षरं तुटतात का, कर्सर उडतो का, हे तिथे लगेच कळतं.

प्रोग्रॅम मिळतील का

हा प्रश्न कोणत्या डिस्ट्रोचा नसून लिनक्सचाच आहे, म्हणून तो डिस्ट्रोच्या आधी सोडवावा. फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. साधी पत्रं, तक्ते, सादरीकरणं लिबरऑफिसमध्ये उत्तम होतात, पण दुसऱ्यांनी बनवलेल्या गुंतागुंतीच्या एक्सेल मॅक्रोंवर तुमचं रोजचं काम अवलंबून असेल, तर कोणताही डिस्ट्रो ती अडचण सोडवणार नाही. तिथे विंडोज ठेवणं हाच प्रामाणिक सल्ला. खेळांचं चित्र २०१८ मध्ये व्हॉल्व्हने विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून पालटलं आणि विंडोजसाठीचे असंख्य खेळ व्हॉल्व्हच्या स्टीम या दुकानावरून चालतात. मात्र व्हॅलोरंटसारखे, फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरणारी यंत्रणा वापरणारे ऑनलाइन खेळ चालत नाहीत.

उरलेल्या प्रोग्रॅमसाठी गेल्या काही वर्षांत एक मोठी सोय झाली आहे. फ्लॅटपॅक या पद्धतीत प्रोग्रॅम आपल्याला लागणारे भाग सोबत घेऊन येतो, त्यामुळे तो कोणत्याही डिस्ट्रोवर सारखाच चालतो. फ्लॅटहब हे त्यांचं मोठं भांडार. याचा परिणाम असा, की पाया डेबियनचा जुना आणि शांत ठेवून वरचा एखादा प्रोग्रॅम मात्र अगदी ताजा वापरता येतो. पूर्वी नव्या प्रोग्रॅमसाठी लोक रोलिंग डिस्ट्रोकडे जात. आज त्यासाठी जायची गरज उरलेली नाही. कॅनॉनिकलची स्नॅप ही अशीच दुसरी पद्धत. उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्सही फक्त स्नॅपमधून दिला, आणि मिंटने स्नॅप मुळात बंद ठेवून फायरफॉक्स आपल्या भांडारात ठेवला. यावर फार वाद झाले. वापरणाऱ्याला बसणारा फरक इतकाच, की स्नॅपचं दुकान कॅनॉनिकल एकटी चालवते आणि अपडेट आपोआप येतात. हे चालणार असेल तर उबुंटू घ्यायला हरकत नाही.

पाठीशी कोण आहे

डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की त्यांच्याच घराण्यातल्या सेंटओएस ८ या डिस्ट्रोचा आधार २०२१ च्या अखेरीस संपेल. लोकांनी तो २०२९ पर्यंत मिळेल या भरवशावर घेतला होता. मे २०१९ मध्ये अँटरगॉस या आर्चवर आधारलेल्या डिस्ट्रोच्या मंडळींनी वेळ मिळत नाही म्हणून काम थांबवलं. जुलै २०२५ मध्ये इंटेलने क्लिअर लिनक्स हा आपला डिस्ट्रो बंद केला. कंपनी असो की मोजके स्वयंसेवक, दोन्हीकडे हे होऊ शकतं.

म्हणून एखादा सुंदर दिसणारा नवा डिस्ट्रो भेटला, तर त्याच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी शोधाव्यात: तो किती वर्षं चालू आहे, किती माणसं काम करतात, आणि सुरक्षा दुरुस्त्या स्वतः देतो की मोठ्या डिस्ट्रोकडून थेट घेतो. डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावरची क्रमवारी याबाबतीत काही सांगत नाही. तिथल्या त्या त्या डिस्ट्रोच्या पानाला किती भेटी मिळाल्या एवढंच ती मोजते. वापरणारे किती आणि त्यांचा अनुभव कसा, हे त्यातून कळत नाही.

हे सगळं धरून माझा सल्ला असा. लिनक्स पहिल्यांदाच घेत असाल आणि यंत्र अगदी नवं नसेल, तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. पाया उबुंटू एलटीएसचा, अपडेट मॅनेजर समजेल असा, आणि काही बिघडलं तर प्रणाली आदल्या स्थितीत नेणारा टाइमशिफ्ट सोबतच येतो; पहिल्याच दिवशी तो चालू करा. यंत्र नवंकोरं असेल आणि वर्षातून एकदा अपग्रेड करायला तुमची ना नसेल, तर फेडोरा. केडीई आवडला तर त्याची प्लाझ्मा आवृत्ती घ्या, एप्रिल २०२५ च्या फेडोरा ४२ पासून तिला ग्नोमच्या बरोबरीचा दर्जा आहे. व्हिडिओ चालवायला लागणारे काही कोडेक पेटंटमुळे फेडोरात मुळात नसतात, ते आरपीएम फ्यूजन या भांडारातून घ्यावे लागतात. ज्यांना दोन वर्षं काहीही हलू नये असं वाटतं आणि थोडं स्वतः जुळवून घेता येतं, त्यांच्यासाठी डेबियन. कंपनीच्या धोरणांपासून मुक्त असलेला असा दुसरा मोठा पाया मला माहीत नाही. सगळं ताजं हवंच असेल तर टम्बलवीड घ्या, कारण त्यात प्रत्येक अपडेटआधी प्रणालीच्या स्थितीची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, घेतला जातो आणि अपडेट बिघडलं तर बूट मेनूतून आदल्या स्नॅपशॉटवर जाता येतं. आर्च मी प्रणाली आतून शिकू पाहणाऱ्याला मनापासून सुचवेन. इतरांनी आर्च विकी हा त्यांचा माहितीसंग्रह मात्र जरूर वाचावा. त्यातली बरीच माहिती कोणत्याही डिस्ट्रोला लागू पडते.

आधी पेनड्राइव्हवरून चालवा

वरच्यापैकी बहुतेक डिस्ट्रो इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवता येतात. आयएसओ फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे पारखणारा आकडा, तिथे दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचं संकेतस्थळ फोडून हल्लेखोरांनी लोकांना दूषित आयएसओकडे वळवलं होतं, त्यामुळे शक्य असेल तर चेकसमच्या फाइलवरची सहीही तपासावी. मग रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून बूट करा.

एक तासभर खरं काम करून पाहा. वायफाय जोडा, व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेरा व माइक दोन्ही चालतात का बघा. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडा, जागा होतो का पाहा. हा सगळ्यांत जास्त दगा देणारा भाग आहे. ब्लूटूथचे हेडफोन, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, प्रिंटर, दुसरा मॉनिटर. बोटाच्या ठशाचा वाचक बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही, ते आधीच कळलेलं बरं. पेनड्राइव्हवरून प्रणाली डिस्कपेक्षा संथ चालते, तेव्हा वेगावरून काही ठरवू नका.

इन्स्टॉल करायचं ठरलं तर आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्या तिथून उघडतात का ते पाहा. विंडोज शेजारी ठेवणार असाल, तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की लिहून घ्या, कारण बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर त्याची डिस्क लिनक्समधून लिहिण्यासाठी नीट उघडत नाही. आणि इन्स्टॉल झालं की घेतलेल्या आवृत्तीचा आधार कधी संपतो ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मिंट २२ मालिकेसाठी ते वर्ष २०२९ आहे. त्याच्या काही महिने आधी पुढच्या आवृत्तीवर जायचं.